दत्तूच्या खारट शेवया

हॉटेलातली टेबलं रोज पुसतात, किस्से कुणी पुसत नाही. म्हणून ते साचतात. पिंपरीत गेनूशेठच्या हॉटेलात आमच्या कंपनीची शिफ्ट सुटली की जेवणाऱ्याच्या पाठीला दुसरा उभाच! तिथलेच हे.

*

आमचा दत्तू फौजेत स्वैपाकी. कोरियातली लढाई थांबल्यावर कैद्यांच्या छावणीवर गेला आणि तिथलं 'कुकसू' शिकून आला. म्हणजे शेवयांचं खारट सूप. गेनूशेठनं त्याला ठेवून घेतलं, फळ्यावर लिहिलं, "कोरियाचं सूप".

पहिल्याच दिवशी बापू फोरमननं शेवया बघितल्या, दूध मागितलं, गूळ मागितला, ढवळून प्याला. मिशी पुसून म्हणतो, "खीर झकास. फक्त लसूण कमी टाक!"

*

मला राहवतंय होय? एकाच्या कानात सोडलं, "शेवया न्हाईत रं त्या, कोरियातली वाळवलेली गांडुळं!"

संध्याकाळी तीच बातमी माझ्याच कानात परत आली. गांडुळांचे साप झाले होते! गेनूशेठ खूश. "साप बघायला येत्यात, चहा तर पित्यात!"

*

पण साप चाकणला पोचला. तिथल्या सखाराममामांच्या पोरीशी दत्तूची सोयरीक जमत आलेली. दत्तूच्या आईनं एकच विचारलेलं, "पोरीला शेवया येतात ना?" मामा घाईनं "व्हय, व्हय" म्हणालेले. आता त्यांचा निरोप आला, "पोरगा काय खाऊन आलाय, ते बघितल्याबिगर सुपारी फुटायची न्हाई."

मी म्हटलं, "गंमत केली राव."

दत्तू कणीक तिंबत होता. "गंमत तुझी. लगीन माझं हाय."



*

मामा आले ते नेमके शिफ्ट सुटताना. मी उठून जागा दिली, आत जाऊन दत्तूला विनवलं, "आज पिठलं-भाकरी वाढ बाबा!"

"न्हाई. त्यांना जे बघायचंय तेच वाढणार."

मामांनी एक शेवई चिमटीत धरून उजेडात बघितली. ओढली. तुटेना! पाठीमागं उभी असलेली माणसं वाकून बघायला लागली. मी मनात नारळ बोललो. एकाचे पाच केले.

मामांनी वाटी संपवली. दुसरी मागितली. तीही संपवली. चेहरा मात्र सुतक्यासारखा.

"ह्या वळल्या कुणी?"

दत्तू हात पुसत बाहेर आला. "मीच."

मामा उठले, दत्तूला खांबाआड नेलं. मी कान लावला.

"जावईबापू, आमच्या पोरीला शेवया येत न्हाईत. आईला तुमी सांगता का मी?"