गोळी कॅमेऱ्यासमोर

रजिस्टरात आम्ही ताप, वजन आणि गोळी घेतली की नाही, एवढंच लिहितो. बाकीचं चहा पिताना एकमेकींना सांगतो, आणि तेच जास्त साठत जातं.

मी रत्नागिरीतल्या एका छोट्या दवाखान्यात नर्स आहे. सकाळी माझं काम व्हिडिओ कॉलचं. क्षयरोगाचे पेशंट आपापल्या घरी कॅमेऱ्यासमोर गोळ्या घेतात, तोंड उघडून दाखवतात. शेजारी आमच्या डॉक्टर मॅडम बसतात. मोबाइलच्या एवढ्याशा पडद्यातून त्यांना इतकं कसं दिसतं, ते मला अजून कळलेलं नाही. पेशंटची नावं बदलून सांगते.

*

जयगडचे दिनेश बंदरात कामाला. गोळ्या सुरू झाल्या आणि दुसऱ्याच दिवशी त्यांचा रडवेला फोन. लघवी लाल झाली होती आणि मुंबईहून भाऊ निघाला होता.

"लाल की नारिंगी?" मॅडमनी विचारलं.

"तशी नारिंगी."

"तो गोळीचा रंग. गोळी पोटात पोचली, एवढंच समजा. भावाला सांगा, सणाला ये."

त्यानंतर दिनेशनी आम्हाला कधी गुड मॉर्निंग केलं नाही. कॉल लागला की पहिला शब्द, "नारिंगी."

*

गंगारामकाकांच्या वाडीत रेंज नाही. रोजच्या गोळ्या आशाताई समोर उभी राहून देते, आणि आठवड्यातून एकदा मॅडमशी बोलायला काका सड्यावर, म्हणजे वरच्या कातळावर, चढून येतात.

पहिल्या वेळी कॉल लागला तर नुसता श्वास ऐकू आला. मॅडम म्हणाल्या, "बसा. बोलू नका. आम्ही थांबतो." चार मिनिटं आम्ही दोघी काकांच्या मागचं आभाळ बघत बसलो. पुढे तीन मिनिटं लागली, मग दोन. मॅडम घड्याळ बघून लिहून ठेवायच्या.

दोन महिन्यांनी कॉल लागला आणि काका लगेच म्हणाले, "मॅडम, भाताची लावणी आटपली."

मॅडम मला म्हणाल्या, "लिहा, दम लागत नाही."

"तुम्ही अजून विचारलंत कुठं?" काका म्हणाले.

*

आपटेकाका आंबा बागायतदार. औषध सुरू होऊन तीन आठवडे झाले होते. "भूकच नाही हो," एवढंच म्हणाले. मॅडम पडद्याला नाक लावून बघायला लागल्या. डोळे पिवळे वाटत होते, पण पडवीतला दिवाही पिवळाच. बाहेर धो धो पाऊस, अंगणात जायची सोय नाही.

"वहिनी, घरात पांढरं काय आहे?"

आपटेवहिनींनी वाटीभर भात आणला. मॅडमनी ती वाटी काकांच्या डोळ्याशेजारी धरायला लावली. त्या दिव्यात भात पांढरा दिसला, डोळे पिवळेच राहिले.

"गोळ्या आत्तापासून बंद. गाडी बोलवा आणि निघा."

कावीळच होती, औषध यकृताला झेपलं नव्हतं. वेळेत आले म्हणून निभावलं. पुढे औषध बदलून पूर्णही झालं. पण त्या दिवशी एवढ्या घाईत वहिनींनी विचारलं होतं, "मॅडम, ह्या भाताचं काय करू?"

मॅडम म्हणाल्या, "तुम्ही खा. तुम्हाला दिवसभर थांबायला लागणार आहे."

*

आरे-वारेच्या रस्त्यावर एका घरी सून आजारी. आम्ही काहीही विचारलं की शेजारी बसलेली सासू उत्तर द्यायची. "उलटी नाय. भूक हाय. सगळं बरं हाय."

एके दिवशी मॅडम म्हणाल्या, "आजी, आज तुम्हालाही तपासते. परसात एक फेरी मारून या." आजी उठून गेल्या. सून पटकन म्हणाली, "मॅडम, तीन दिवस गोळी उलटून पडते. आईंना सांगू नका, त्या रात्रभर जागतात."

आजी परतल्या त्या खोकत.

"आजी, हा खोकला कधीपासून?"

"महिना झाला," सून म्हणाली.

आजींचा बेडका तपासला. त्यांनाही क्षयच निघाला. आता दोघी एकाच मोबाइलसमोर बसून गोळ्या घेतात. आजींना काही विचारलं की सून उत्तर देते.

*

गोपाळराव आणि वसंतराव सख्खे भाऊ. दोन घरांमध्ये दगडाचा गडगा, आणि त्या गडग्यावरून कोर्टात केस. अबोला इतका जुना की दोघांची मुलं त्यातच मोठी होऊन मुंबईला गेली.

क्षय झाला थोरल्या गोपाळरावांना. रेंजसाठी ते गडग्याजवळ उभे राहायचे, तरी कॉल रोज अडकायचा. तोंड उघडलं की चित्र थांबायचं, गोळी आत गेली की हातातच राहिली ते कळायचं नाही. वजन काही वाढेना. मॅडमनी एकदा स्पष्ट विचारलं, "गोपाळराव, गोळ्या घेता ना?" त्यांनी मान खाली घातली. "कंटाळा आला मॅडम. कोणासाठी घ्यायच्या."

चार दिवसांनी कॉल लागला तो एकदम स्वच्छ. गोपाळरावांच्या मिशीचे केस मोजता आले असते.

"आज रेंज कुठली?" मी विचारलं.

"वसंताच्या वायफायची. पासवर्ड काढून टाकलान त्याने."

"बोलले तुमच्याशी?" मॅडमनी विचारलं.

"नाय. बोलत नाय तो."

"मग तुम्हाला कळलं कसं?"

"शेजारच्या वायफायचं नाव आपल्या मोबाइलात दिसतं ना. इतके दिवस त्याचंच नाव यायचं. काल बघतो तर बदललेलं."

"आता काय नाव आहे?"

गोपाळरावांनी गोळ्या तोंडात टाकल्या, पाणी प्यायले, तोंड उघडून आम्हाला दाखवलं. मग म्हणाले, "दादा गोळी घे."