दहा पोती
नव्या बारदानाचा वास आला की आळंदचं आमचं तुरीचं गोदाम आठवतं. रेकॉर्डिंगला बेस गिटार थेट लॅपटॉपला जोडली की आवाज मरतो, या हट्टापायी माझ्या बेसवादक मित्राने अँपच्या स्पीकरसमोर माईक लावला होता आणि आवाज घुमू नये म्हणून भोवती तुरीची पोती होती. चारला लाइट जाणार होती. गाणं अर्ध्यावर असताना माझे अप्पा हमालांना घेऊन दारात आले. बाहेर ट्रक उभा होता. मी हात जोडले. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि हमालांना आत सोडलं. एकेक पोतं गुपचूप निघालं, तसा हेडफोनमध्ये बेस पोकळ होत गेला. मित्र वाजवतच राहिला. शेवटचा सूर विरला तरी मी मान वर केली नाही. अप्पा म्हणाले, “तोंड पाडून कामून बसलास? दहा पोती ठेवल्यात. लाइट जायच्या आत परत वाजवा.” आज माझ्या खोलीच्या चारी भिंतींना आवाज शोषणारा फोम आहे, पण तो मी विकत आणलाय.