तक्ता क्रमांक तीनमधला एक मयत

हयातबाईंचं खरं नाव हजेरीपटापुरतंच उरलं होतं. शिपायापासून सर्जनपर्यंत सगळं हॉस्पिटल त्यांना हयातबाई म्हणायचं आणि त्याही निमूट ‘ओ’ द्यायच्या. कामच तसं होतं. कॅन्सरचे उपचार संपवून घरी गेलेल्या माणसांना दर सहा महिन्यांनी फोन करायचा, ती अजून आहेत की नाहीत ते काढून घ्यायचं आणि जाडजूड रजिस्टरात ‘हयात’ किंवा ‘मयत’ यांपैकी एका रकान्यात खूण करायची. तिसरा रकाना होता शेऱ्याचा. त्यावर बाईंचा फार जीव. बाकीचे कारकून तिथे आडवी रेघ मारायचे. बाई मात्र बारीक अक्षरात समासापर्यंत जायच्या.

आता एखाद्याला फोन करून ‘तुम्ही जिवंत आहात का’ असं विचारायचं तरी कसं? नोकरीच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी सरळ विचारलं होतं, ‘‘आहात का तुम्ही?’’

‘‘कोण विचारतंय त्यावर आहे,’’ पलीकडून घोगरा आवाज आला आणि फोन बंद झाला.

तेव्हापासून बाईंनी आडवळण धरलं. गुडघा काय म्हणतोय, सुनेचं बाळंतपण नीट झालं का, छपराची गळती थांबली का, असं विचारत विचारत रकाना भरायचा. घरचा फोन लागला नाही तर शेजारी, शेजारी नाही तर न्हावी, न्हावी नाही तर इस्त्रीवाला. बाईंच्या तावडीतून कोणी सुटत नसे. एक निवृत्त मास्तर घसा शाबूत असल्याचा पुरावा म्हणून सत्तावीसचा पाढा अख्खा म्हणून दाखवायचे. एक आजी दबक्या आवाजात बजावायच्या, ‘‘हयात लिही गं, पण खुशाल लिहू नकोस. सून इथंच बसलीय.’’

हा सगळा खटाटोप मॅडमसाठी होता. मॅडम म्हणजे घशाच्या कॅन्सरच्या मोठ्या डॉक्टर. चष्मा कायम डोक्यावर आणि कायम शोधाशोध. तोवर त्यांचे चौदा शोधनिबंध छापून आले होते. ते किती जणांनी वाचले, ते त्या स्वतःच सांगायच्या. ‘‘अकरा जणांनी. त्यातले सात सहलेखक आणि एक माझे वडील.’’

पंधराव्या निबंधाची गोष्ट मात्र वेगळी होती. प्रश्न साधा. ऑपरेशननंतर सहा आठवडे किरणांचा शेक देतात, ते चार आठवडे दिले तर चालेल का? चाललं तर माणूस दोन आठवडे आधी घरी जाणार, तोंड कमी सोलवटणार, लवकर चार घास खाणार. त्यासाठी चारशे बारा पेशंट घेतले. निम्म्यांना सहा आठवडे, निम्म्यांना चार. मग पाच वर्षं वाट बघायची. ते वाट बघणं बाईंच्या टेबलावर येऊन पडलं.

पाच वर्षांनी उत्तर आलं की चार आठवडे पुरतात. एका नामांकित वैद्यकीय मासिकाने निबंध छापला. तक्ता क्रमांक तीनमध्ये हयात किती, मयत किती, सगळे आकडे बाईंच्या रजिस्टरातले. आणि या वेळी लोकांनी तो खरोखर वाचला! वर्षभरात दोनशेच्या वर निबंधांनी त्याचा दाखला दिला. बाईंना हे काही केल्या कळेना. त्यांच्या लेखी दाखला म्हणजे जन्माचा, मृत्यूचा, नाहीतर शाळा सोडल्याचा.

‘‘दोनशे दाखले? कशाचे हो?’’

‘‘आपलं बरोबर आहे याचे,’’ मॅडम म्हणाल्या.

बाईंनी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं. तो शिंपी. तोंडातली टाचणी काढून म्हणाला, ‘‘दोनशे? आमच्या दुकानाला नगरपालिका एक देईना.’’

असं सगळं छान चाललेलं असताना एका मंगळवारी खिडकीशी एक गृहस्थ येऊन उभे राहिले. हातात छत्री, आवाज खणखणीत.

‘‘जुनी फाईल हवी होती. गुडघ्याच्या डॉक्टरांनी मागितलीय. नंबर दोनशे सत्त्याऐंशी.’’

बाईंनी रजिस्टर उघडलं. बोट खाली खाली घसरत गेलं आणि एका ओळीवर चिकटल्यासारखं थांबलं.

‘‘नक्की दोनशे सत्त्याऐंशी?’’

‘‘घड्याळं दुरुस्त करतो मी बाई. आकडा चुकत नाही.’’

‘‘आपण त्यांचे बंधू का?’’

‘‘मी मीच.’’

‘‘पण तुम्ही तर वारलात!’’ बाईंच्या तोंडून निसटून गेलं.

घड्याळजींनी मागे वळून पाहिलं. मागे कोणीच नव्हतं. ‘‘कधी?’’ त्यांनी विचारलं.

‘‘तीन वर्षं झाली. आठ तारखेला.’’ आणि घाबरलेल्या माणसाला जे हातात असतं तेच सुचतं, तशा बाई शेरा वाचायला लागल्या. ‘‘मयत. सकाळीच गेले. शांतपणे नव्हे, तणतणत गेले. धाकटे बंधू सोबत होते. पत्नी धीराच्या. म्हणाल्या, आता जरा निवांत वाटतंय.’’

घड्याळजी लालबुंद झाले. मेल्याचं त्यांना फारसं काही वाटलेलं दिसत नव्हतं. ‘‘निवांत? असं म्हणाली ती?’’

बाईंनी तिथल्या तिथे त्यांच्या घरी फोन लावला. ‘‘वहिनी, हॉस्पिटलातून बोलतेय. तीन वर्षांपूर्वी मी फोन केला, तेव्हा यजमान गेले म्हणालात.’’

‘‘गेलेच होते की. भावजींबरोबर जुन्या घड्याळांच्या प्रदर्शनाला. मोजे सापडेनात म्हणून तणतणत गेले.’’

‘‘अहो, मी म्हटलं ना, देव त्यांच्या आत्म्याला शांती देवो!’’

‘‘मला वाटलं बाई फार श्रद्धाळू आहेत. आणि खरं सांगू? शांतीची गरज होतीच हो त्यांना.’’

‘‘आणि स्वतःला सांभाळा म्हटलं, तेव्हा?’’

‘‘तेव्हा तर मला भरूनच आलं. इतकी चौकशी माहेरचेसुद्धा करत नाहीत.’’

बाईंनी फोन ठेवला. दोनशे निबंधांनी दाखला दिलेला तक्ता, आणि त्यातला एक मयत छत्री घेऊन समोर उभा! त्यांनी एका कागदावर राजीनामा लिहिला, काखेत रजिस्टर मारलं, घड्याळजींना पुरावा म्हणून बरोबर घेतलं आणि मॅडमची खोली गाठली.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा डोक्यावरून नाकावर ओढला. ‘‘तोंड उघडा,’’ त्या घड्याळजींना म्हणाल्या. टॉर्च मारून डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. ‘‘झकास. सात वर्षं झाली ना शेकाला?’’ मग त्या खुर्चीत बसल्या, राजीनामा उलटा करून त्याच्या कोऱ्या बाजूवर आकडेमोड करायला लागल्या.

‘‘हे चार आठवडेवाल्या गटातले. म्हणजे त्या गटात एकोणचाळीस नाही, अडतीस गेले. निष्कर्ष तोच राहतो, उलट केसभर बरा दिसतो. तुम्ही जिवंत राहून माझा निबंध सुधारलात.’’

‘‘त्यात काय एवढं,’’ घड्याळजी विनयाने म्हणाले.

‘‘पण चूक छापली, तर दुरुस्तीही छापायला हवी. आणि बाई, आधी बाकीचे मयत पुन्हा तपासा.’’

दोन्ही गट मिळून मयत एकोणऐंशी. त्यांतल्या शहात्तर जणांचे मृत्यूचे दाखले फायलीत होते. उरले तीन, निव्वळ फोनवरच्या शब्दावर नोंदलेले, आणि त्यातले एक आत्ता कँटीनमध्ये चहा पीत बसलेले. राहिलेल्या दोन घरी बाई स्वतः गेल्या. एका घरी मुलाने दारातच दाखला आणून दाखवला. दुसऱ्या घरी म्हाताऱ्या बाईंनी त्यांना आत बसवलं आणि दोन तास नवऱ्याबद्दल सांगत राहिल्या. तो कसा हसायचा, कुलूप लावलं की नाही ते बघायला कसा तीनतीनदा परत यायचा. ‘‘इतक्या दिवसांत त्यांच्याबद्दल कोणी काही विचारलंच नाही हो,’’ त्या म्हणाल्या. त्या दिवशी बाईंनी शेऱ्यात एक अक्षर लिहिलं नाही.

मग सुरू झाला मासिकाच्या संपादकांशी पत्रव्यवहार. चूक कशामुळे झाली, असं त्यांनी विचारलं. मॅडमनी कळवलं, ‘क्रियापदामुळे.’ कृपया खुलासा करावा, असं उत्तर आलं. मॅडमनी दीड पान खुलासा केला, की आमच्या भाषेत माणूस बाजारात आणि परलोकात एकाच क्रियापदाने जातो. त्यावर संपादकांची पृच्छा: मृत्यूसाठी तुमच्याकडे वेगळं क्रियापद नाही का? मॅडमनी उत्तर धाडलं, ‘पुष्कळ आहेत. वारणे, निवर्तणे, खपणे, आटोपणे. पण ती घरच्या माणसाबद्दल सहसा तोंडातून निघत नाहीत.’ यानंतर संपादकांनी आणखी काही विचारलं नाही.

दुरुस्ती छापून आली. मॅडमनी घड्याळजींना बोलावून मुद्दाम अर्थ सांगितला, ‘‘तक्ता क्रमांक तीनमध्ये मयत दाखवलेला एक रुग्ण हयात आहे. त्याबद्दल लेखक दिलगीर आहेत.’’

घड्याळजी ताडकन उभे राहिले. ‘‘मी हयात आहे याबद्दल दिलगीर?’’

‘‘तशी पद्धत असते हो छापायची.’’

‘‘असेल पद्धत. पण उद्या माझ्या नातवाने वाचलं तर काय म्हणेल? आनंद वाटतो, असं छापा म्हणावं.’’

बाईंनाही ते पटलं. ‘‘खरंच मॅडम, दिलगिरी कशाला? चांगला धडधाकट माणूस आहे.’’

मॅडमनी पुन्हा पत्र लिहिलं. संपादकांनी बहुधा तोवर हाय खाल्ली असावी. पुढच्या अंकात दुरुस्तीची दुरुस्ती आली: चुकीबद्दल लेखक दिलगीर आहेत, रुग्णाबद्दल त्यांना आनंद वाटतो.

या दोन ओळींनी जो धुमाकूळ घातला, तो आधीच्या चौदा निबंधांना मिळूनही जमला नव्हता. कुठकुठल्या हॉस्पिटलांत कोणी ती दुरुस्ती भिंतीवर डकवली. समुद्रापारच्या एका डॉक्टरने लिहिलं, की आमच्या भाषेतही हाच घोळ आहे. तुमची दुरुस्ती वाचून आम्ही आमचे मयत तपासले, तर दोघं जिवंत निघाले, त्यातला एक तर आमच्याच हॉस्पिटलात माळीकाम करतो. व्याकरणाच्या एका प्राध्यापकांनी क्रियापदावरच्या लेखात मॅडमचा दाखला दिला. आणि दुरुस्तीला हसून झाल्यावर लोकांनी मूळ निबंधही वाचला. हळूहळू एकेका हॉस्पिटलात शेक सहाऐवजी चार आठवड्यांवर आला.

पुढे मॅडमच्या बढतीचा फॉर्म आला. त्यात विचारलं होतं, ‘आपल्या संशोधनाचा समाजावर काय परिणाम झाला? पन्नास शब्दांत लिहा.’ मॅडमनी दाखल्यांची संख्या लिहिली, खोडली, बाईंना हाक मारली.

‘‘यात काय अवघड आहे?’’ बाई म्हणाल्या. ‘‘दोनशे सहा माणसं चौदा दिवस आधी घरी गेली. गुणा.’’

गुणाकार आला दोन हजार आठशे चौऱ्याऐंशी. म्हणजे जवळजवळ आठ वर्षं, आणि तीही फक्त आपल्याच हॉस्पिटलातली. तेवढी वर्षं माणसं वॉर्डच्या पंख्याकडे बघत पडण्याऐवजी आपापल्या घरी भांडत बसली होती. मॅडमनी तेवढंच लिहिलं. समितीने फॉर्म परत पाठवला: शब्द कमी पडतात. तेव्हा बाईंनी रजिस्टर उघडून राहिलेले शब्द पुरवले. एकीने घरी पोचल्या पोचल्या स्वतःची चादर धुतली, एक जण बहिणीच्या निरोपाला स्टेशनवर वेळेत पोचला, एकाने कुत्र्याला आंघोळ घातली आणि कुत्रा चावला.

‘‘कुत्रा कशाला?’’ मॅडम म्हणाल्या.

‘‘खरं आहे ते. आणि पन्नास होतात.’’

बढती झाली. मॅडमना खिडकीची खोली मिळाली आणि बाईंना दुसरा फोन, लाल रंगाचा, शिवाय नव्या अभ्यासातल्या सहाशे पेशंटांची यादी. बाईंनी कोरं रजिस्टर उघडलं, नवऱ्याने शिवून दिलेली कापडी गादी खुर्चीवर सरळ केली आणि पहिला नंबर फिरवला.

‘‘नमस्कार. जेवणाच्या वेळेला तर नाही ना फोन केला मी?’’