यंत्रानं ‘व्हय’ म्हणावं

नवं यंत्र तयार झालं की मल्हारी मिस्त्री आधी डोळे मिटून घ्यायचे. मग आंधळ्यासारखे चाचपत झाकण उघडायचे, लावायचे आणि कान द्यायचे. ‘टक्’ असा आवाज आला की डोळे उघडून म्हणायचे, “व्हय म्हणालं बघा!”

आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो. बेळगावच्या आमच्या कारखान्यात जनावरांची वैरण कापायच्या कडबाकुट्ट्या बनत. आप्पा नमुना हातानं घडवत आणि त्यावरून मी ड्रॉइंग काढी. मी म्हणजे टिळकवाडीची नवीकोरी डिप्लोमावाली. वेणी कमरेपर्यंत, अक्कल रिबिनीएवढी. तेलाचा वास नको म्हणून नाकाला रुमाल लावून वर्कशॉपमध्ये फिरणारी ती ठमी आज समोर आली, तर मीच तिचा कान पिळेन.

एकदा माझा कागद उलटसुलट बघून आप्पा म्हणाले, “ताई, लई देखणं काढलंय. पर ही चालवताना बाईला काय वाटंल, ते ह्यात कुठं हाय?”

“आप्पा, वाटणं मिलिमीटरमध्ये मोजता येत नाही.”

“व्हय की. म्हणून तर कुणी काढत न्हाय.”

आप्पा मूळचे निपाणीचे. त्यांची आई विड्या वळायची. “आय शेजारणीसंगं भांडत वळायची,” ते सांगत. “डोळं शेजारणीवर, पर विडीचं तोंड नीट मुडपलं का न्हाय ते बोटाला कळायचं. बाईचं डोळं कधी रिकामं असत्यात व्हय? एक म्हशीवर, एक पोरावर. यंत्रानंच व्हय म्हणायला पायजे, म्हंजे तिच्या जिवाला घोर न्हाय.”

म्हणून नव्या कडबाकुट्टीत, पात्यावरच्या झाकणाला त्यांनी एक वाकवलेली पट्टी बसवली. झाकण पुरतं बसलं की ती टक् करायची. माझ्या ड्रॉइंगवर त्यांनी बोथट पेन्सिलीनं लिहिलं: ‘इथं व्हय म्हणलं पायजे.’

मी ते सगळ्या ऑफिसला वाचून दाखवलं. सगळे पोट धरून हसलो. मग मी खोडरबरानं ती ओळ पुसली, पट्टीही पुसली आणि तिथं गुळगुळीत, बिनआवाजाची खटकी काढली. आवाज करतं ते यंत्र हलक्या दर्जाचं, असं मला वाटायचं. माझा कागद शाईत गेला आणि त्यावरून यंत्रं बनली.

हिंडलग्याकडच्या एका बाईनं झाकण बसलं असं समजून बटण दाबलं. ते बसलं नव्हतं. तिची दोन बोटं गेली.

‘म्या पट्टी लिवली हुती,’ असं आप्पा म्हणाले, तसा मालकांनी कागद त्यांच्यापुढं टाकला. “पट्टी कुठं लिहिलीय? दाखवा!” कागद माझ्यासारखाच स्वच्छ, निर्मळ दिसत होता.

त्या दुपारी आप्पा माझ्या टेबलाशी आले. “ताई, म्या लिवलं हुतं न्हवं? तुमी पुसलं काय?”

खोडरबर माझ्या हातातच होतं. फक्त ‘व्हय’ म्हणायचं होतं. एवढी साधी पट्टी ते जमवायची.

“नाही, आप्पा.”

त्यांनी कागदावर पट्टीच्या जागी बोट फिरवलं. “मग माज्याच हातनं ऱ्हायलं असंल. वय झालं.” दुसऱ्या दिवशी हत्यारांची पेटी घेऊन ते निपाणीला गेले, ते गेलेच.

हल्ली सुनेनं काचेची, विजेवरची शेगडी आणलीय. बोट लावलं की चालू, बोट लावलं की बंद. आवाज म्हणून नाही. मोतीबिंदूनं मला तिच्यावरचा बारीक दिवा दिसत नाही, म्हणून मी दहादा तिच्यावर हात धरून बघते. परवा चटका बसला आणि तोंडातून आलं, “व्हय म्हण की गं, भवाने!” नात हसली. मी मात्र सकाळी उठून निपाणीची बस धरली.

आप्पा जाऊन वर्षं लोटली होती. दार त्यांच्या बायकोनं, आक्कांनी, उघडलं. मी कारखान्याचं नाव सांगितलं.

“तुमी डराईंगवाल्या ताई न्हवं?”

“व्हय,” मी म्हणाले, आणि उंबऱ्यात उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं.

आक्कांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, “मरूस्तवर इचारायचे, ‘म्या लिवायचं इसरलोच कसा गं?’ त्या बाईची बोटं सपनात यायची त्यांच्या. मला सांगून आता काय उपेग, बाई? त्यास्नी सांगायचं हुतं.”

त्यांनी दार लोटलं. कडी आप्पांच्याच हातची असणार. बसली तशी म्हणाली, टक्.