मेव्हण्याच्या घराची चावी

चावीवाल्याला घर घ्यायचं होतं आणि नवरा-बायकोचं एकमत होत नव्हतं. एक जागा भर बाजारात होती, चपलांच्या दुकानावर तिसरा मजला. दोन खोल्या. जिना उतरला की त्याची टपरी, रस्ता ओलांडला की बायकोचा दवाखाना. ती तिथे नोंदणीच्या खिडकीवर बसायची. दुसरं घर शहराबाहेरच्या वसाहतीत, बैठं, मागच्या दाराला पायऱ्या आणि त्यापुढे हातभर अंगण. तिथून शहरात यायचं तर बस, आणि बस म्हणजे तिची मर्जी.

बायको म्हणायची, "बाजारातलं घेऊ. मरेपर्यंत बसच्या मागे कोण धावणार?"

चावीवाला म्हणायचा, "अगं, माणसाला शांतता नको का? दिवसभर कानाशी कानस घासतोय मी."

खरं तर टपरीवर गिऱ्हाईक नसलं की यालाच करमायचं नाही. शेजारच्या घड्याळवाल्याशी उगाच वाद उकरून काढायचा. पण शांततेबद्दल बोलताना त्याचा चेहरा असा व्हायचा, की जणू हिमालयातून नुकताच उतरलाय. हे वर्णन त्याचं स्वतःचंच. पुढे ही सगळी हकीकत तो गिऱ्हाइकांना सांगायचा, आणि सांगताना स्वतःला जराही सूट द्यायचा नाही.

बायकोचा भाऊ त्याच वसाहतीत राहायचा. तो बायकामुलांना घेऊन आठवडाभर बाहेरगावी निघाला, तेव्हा बहिणीला म्हणाला, "दाजींना राहू दे ना आमच्याकडे. बघू दे शांतता सोसते का." चावीवाल्याने चावी खिशात टाकली आणि शनिवारी दुपारी टपरी बंद करून पिशवीसकट बसमध्ये चढला. पिशवीत दोन शर्ट, टॉवेल आणि हत्यारांचा डबा. हत्यारं कशाला, असं बायकोने विचारलंही. "सवय," तो म्हणाला.

वसाहतीतली घरं अशी, की एका साच्यातून काढून ओळीने वाळत ठेवलेली. तेच दार, तीच खिडकी, तोच पिवळा रंग. मेव्हण्याने सांगितलं होतं, "पाण्याच्या टाकीनंतरची दुसरी गल्ली, कोपऱ्यावरचं घर." हा पहिल्याच गल्लीत वळला. कोपऱ्यावरच्या घराला चावी लावली. फिरेना.

दुसरा कुणी असता तर त्याने घर तपासलं असतं. पण याचा जन्म चाव्या करण्यात गेलेला. तो मनात म्हणाला, "मेव्हण्याने कुठून तरी स्वस्तात चावी करून घेतली. घरात जावई चावीवाला, आणि हा बाहेर जातो!" रागारागाने त्याने डबा उघडला, दोन तारा घातल्या आणि चुटकीसरशी दार उघडलं. वर स्वतःचीच पाठ थोपटली.

आत सोफा नवा होता. "आम्हाला सांगितलंसुद्धा नाही," असं म्हणत तो त्यावर ऐसपैस बसला. भिंतीवर शाळेतल्या मुलांचे फोटो होते, रांगेने. मेव्हण्याच्या बायकोला शाळेची एवढी हौस असेल असं वाटलं नव्हतं. मग त्याने चहा केला, कपाटाचं कुरकुरणारं बिजागर दिसलं म्हणून त्यात तेल सोडलं आणि बूट काढून सोफ्यावर आडवा झाला. शांतता होती. तिचा उपभोग घ्यायचा ठरवलं, तोवर घोरायलाही लागला.

जाग आली तेव्हा समोरच्या खुर्चीत पांढऱ्या केसांच्या एक बाई बसल्या होत्या. मांडीवर वाचनालयातली पुस्तकं, हातात छत्री. छत्रीचं टोक याच्याकडे.

"झोप झाली?" बाईंनी विचारलं.

"तुम्ही कोण?" हा उठून बसला.

"मी या घरात राहते. आता तुम्ही सांगा."

"मी मेव्हण्याकडे आलोय."

"माझ्या घरात तुमचा मेव्हणा कुठून आला? कुलूप तोडलंत का?"

इथे चावीवाल्याच्या वर्मावर बोट पडलं. "तोडलं? छे हो! तोडायला मी काय अडाणी आहे? ओरखडासुद्धा उठू दिला नाही, बघा हवं तर!"

हे आपण कुणाला सांगतोय, ते वाक्य संपल्यावर त्याच्या लक्षात आलं. तो खाली वाकून बूट शोधायला लागला.

बाई मुख्याध्यापिका होत्या, निवृत्त. असले चेहरे त्यांनी जन्मभर पाहिले होते. त्यांनी त्याच्याकडून बायकोचा नंबर घेतला, फोन केला आणि ती येईपर्यंत त्याला खुर्चीवर बसवून ठेवलं. समोर बिस्किटंही ठेवली.

बायको कामावरून तशीच आली. आल्या आल्या तिने कपाळावर हात मारला, बाईंची माफी मागितली, आणि मग दोघींची नजरानजर झाली मात्र, दोघी हसत सुटल्या. हसता हसता मागच्या पायऱ्यांवर जाऊन बसल्या. तिथे चहा झाला, गप्पा झाल्या, शेजारच्या दोघीतिघी कुंपणापलीकडून सामील झाल्या. "हेच का ते?" असं एकीने मान उंच करून विचारलं. हे महाशय घरात बसून बाईंच्या दाराला पक्की कडी लावत होते. ती शिक्षा बाईंनीच दिली होती.

परतीच्या बसमध्ये तो म्हणाला, "बाजारातलंच घेऊ. या वसाहतीत आता तोंड दाखवायची सोय राहिली नाही."

"मी इथलं म्हणतेय," बायको म्हणाली.

"अगं, आणि बस?"

"बसचं बघू. अहो, बाजारात तुम्ही असे कुणाच्या घरात झोपला असतात, तर लोकांनी आधी बडवलं असतं आणि मग नाव विचारलं असतं. या बाईंनी बिस्किटं दिली. तुमच्यासारखा माणूस घेऊन राहायचं, तर असाच शेजार हवा."

त्यांनी वसाहतीतलं घर घेतलं.

पहिला महिना त्याला झोप लागली नाही. इतकं शांत, की फ्रीजचा घरघराट ऐकून कुणीतरी आलंय असं वाटायचं. संध्याकाळ झाली की घड्याळवाल्याशी भांडल्यावाचून जीव कासावीस व्हायचा. बायको मात्र पायऱ्यांवर रमली. सकाळी बस चुकली की तीच करवादायची, "बाजारात असतो तर एव्हाना पोचले असते!"

अशा वेळी चावीवाला पिशवी सावरत मुकाट्याने पुढची बस येते का ते बघायचा. ज्याने आधी वसाहत मागितली, मग बाजार मागितला आणि शेवटी बायकोने आणलं तिथे आला, त्याने कुठल्या तोंडाने कुणाची बाजू घ्यायची?