रायभानमामांच्या करदोड्याची किल्ली

वडीगोद्रीत रस्त्याला लागून माझं शिलाईचं दुकान, आणि भिंतीला भिंत लावून मनीषाचं सासर. नवरा ट्रकवर, सदा बाहेर. मनीषा स्वतः नर्स. इटलीत म्हाताऱ्यांच्या सेवेला नर्स हव्यात हे कळल्यापासून मोबाईलवर तिथली भाषा शिकत होती. पासपोर्ट आला त्याच दिवशी सासऱ्यांनी, रायभानमामांनी, तो पेटीत घातला आणि किल्ली करदोड्याला बांधली. पुढं त्यांनाच अर्धांगवायू झाला. घरात नर्स असताना बाहेरची बाई कशाला? मनीषाची नोकरी सुटली. शिकलेलं वाया जात नाही म्हणतात, ते हे असं!

त्या घरात सून सासऱ्याशी बोलत नाही. "आत्याबाई, मामांना इचारा, पाणी देऊ का?" मग सासू गोपिकाबाई विचारणार, समोरच बसलेले मामा मान हलवणार, तेव्हा पाणी. सासू शेळ्या घेऊन माळावर गेली की मामा तहानलेलेच. शेवटी मनीषानं वाट काढली. तांब्या पुढं धरून विचारलं, "वोर्रेब्बे?" परक्या भाषेला कसला आलाय पदर!

"म्हंजे काय गं?" मी विचारलं.

"काकू, 'पाहिजे का' असं न्हाई. 'तुम्हाला आवडेल का' असं. समोरच्याला न्हाई म्हणायला जागा ठिवायची. आन् आपल्याला हवं आसंल तर वोर्रेई. मला आवडेल."

"तुला इचारलं का कुणी असं?"

ती नुसती हसली. मला त्या हसण्याचा रागच आला.

रविवारी तिची त्या भाषेची परीक्षा होती आणि पासपोर्टाशिवाय आत घेणार नव्हते. शनिवारी मी ब्लाऊज द्यायला गेले, तर मामा चांगल्या हातानं करदोडा चाचपत होते. जड जिभेनं सरळ सुनेलाच म्हणाले, "इटली... वोर्रेब्बे?"

म्हण गं बाई, हो म्हण! तिचे ओठ हललेले मी पाहिले. पण तिनं पदर पुढं ओढला आणि सासूकडं तोंड केलं.

"आत्याबाई, मामांना सांगा, मी कुठं जाऊन राह्यले?"

गोपिकाबाईंनी शब्द न् शब्द पोचवला. मामांचा हात किल्लीवरून खाली आला.

भांडावंसं वाटत होतं, पण भांडू कुणाशी? म्हाताऱ्यानं तर जागा ठेवून विचारलं होतं.

रविवारी दुपारी गोपिकाबाई माळावर गेल्या. भिंतीपलीकडं मामांचं घोरणं चालू होतं. मी मशीन थांबवली, कारण त्या घोरण्यातून मनीषाचा आवाज येत होता, हळू, पुन्हा पुन्हा.

"वोर्रेई, मामा. वोर्रेई."