बिघाडाचं कारण

मी दुरुस्त केलेल्या कॉम्प्युटरवर भाऊसाहेब गोमूत्र शिंपडत होते. कॉम्प्युटर चालू होता. मी दारात उभा होतो.

डाव्या हातात तांब्या, उजव्या हातात तुळशीची डहाळी. बुडवायची, झटकायची. कीबोर्डवर एकदा. माउसवर एकदा. मी बसलो होतो त्या खुर्चीवर दोनदा. आणि सीपीयूच्या पेटीवर चांगलं चार वेळा. त्या पेटीच्या डोक्यावर जाळी असते, आतली गरम हवा बाहेर जायला. भाऊसाहेबांना वाटलं असेल, देवानंच सोय करून ठेवली आहे.

मी परत आलो होतो माझं खोडरबर विसरलं म्हणून.

खोडरबर कशाला, ते सांगतो. रॅमच्या पट्टीला सोनेरी दात असतात. त्यांच्यावर मळ धरला की मशीन सुरू होत नाही, नुसतं टूं टूं करत बसतं. शाळेतलं साधं खोडरबर घ्यायचं, दात घासायचे, पट्टी परत बसवायची. मशीन जागं. लोकांना जादू वाटते. मीही मग जादूगारासारखा दोन पावलं मागं सरकतो आणि हात पसरतो. त्या दिवशीही पसरले होते. शिवाय रॅम वाढवली होती, जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकली होती. चहा पिऊन होईस्तोवर सुरू होणारं मशीन चुटकीसरशी सुरू झालं. भाऊसाहेब खूश. त्यांच्या खत-बियाण्यांच्या दुकानाचं सगळं त्या मशीनमध्ये.

"गडी हुशार हाय! कोन्या गावचा?"

"धामणगाव बढे."

"कोनाचा?"

मी बापाचं नाव सांगितलं. आडनाव सांगितलं. भाऊसाहेबांचं हसू होतं तसंच राहिलं. फक्त खुर्ची वीतभर मागं सरकली.

आणि आता हा तांब्या.

त्यांनी मला दारात पाहिलं. दचकले नाहीत. हात थांबला नाही.

"काऊन आला परत?"

"खोडरबर राह्यलं माह्यं."

"ने ना मंग. अन् मनावर नको घेऊ बरं. तुह्याशी काही नाही. घरची रीत हाय."

मी म्हणालो, "हो भाऊसाहेब."

बस. चव्वेचाळीस वर्षांचा बाप्या. आमच्या वस्तीच्या जलशात पंधरा वर्षं सावकाराचं काम केलं मी. माईक गेला तरी शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला ऐकू जाईल असा गळा. सावकार म्हणून स्टेजवर आलो की बाया शिव्या घालायच्या, इतका जिवंत. आणि वेळ आली तेव्हा त्या गळ्यातून निघालं काय? हो भाऊसाहेब.

परतीच्या एसटीत निम्म्या सीटा रिकाम्या. मी बसलोच नाही. कंडक्टर म्हणाला, "बसून घ्या ना काका, सीट चावते काय?" मी मलकापूरपर्यंत दांडा धरून उभा. खिशात खोडरबर. ते 'हो' दाताखाली खड्यासारखं. ना गिळता येत, ना थुंकता.

ह्या दुरुस्तीच्या कामात पडण्याआधी मी मलकापुरात एका जिनिंगच्या वजनकाट्यावर होतो. काट्याच्या कॉम्प्युटरच्या पंख्यात कापसाची रुई जायची आणि मशीन गपकन बंद. मेकॅनिक येईपर्यंत कापसाच्या गाड्या फाटकाबाहेर आणि गाडीवाल्यांच्या शिव्या माझ्यावर. एक दिवस मीच पेटी उघडली, रुई काढली, मशीन सुरू झालं. चटकच लागली. ह्या वयात कॉम्प्युटर दुरुस्तीच्या कोर्सला नाव घातलं. बाकीची बारा पोरंपोरी माझ्या लेकीच्या वयाची. सरसुद्धा माझ्याहून बारा वर्षांनी लहान. मला 'काका' म्हणायचे. गिऱ्हाइकांकडे दुरुस्तीला ते आम्हालाच पाठवायचे, भाऊसाहेबांकडे मला पाठवलं होतं. कोर्स संपला की सर्टिफिकेट. सर्टिफिकेट मिळालं की आसपासच्या शाळांतले कॉम्प्युटर सांभाळायचं काम मिळणार, हे ठरल्यात जमा होतं. पंधरा दिवस उरले होते.

सरांनी दोन गोष्टी पक्क्या शिकवल्या. पहिली, बिघाड शोधताना आधी डोळे, मग नाक, मग हात. दुसरी, जॉब कार्ड, म्हणजे दुरुस्तीच्या नोंदीचा कागद, पेन्सिलनं भरायचं. का? गिऱ्हाईक कोण आहे ते पाहून 'बिघाडाचं कारण' बदलता यावं म्हणून. शेठजींनी चहा सांडला, लिहा 'व्होल्टेज'. साहेबांच्या पोरानं लाथ घातली, लिहा 'व्होल्टेज'. आमची कार्डं वाचाल तर वाटेल, अख्ख्या तालुक्यात माणसं देवासारखी आणि फक्त वीजच नालायक.

दुसऱ्या दिवशी क्लास चालू असताना भाऊसाहेब आले. मागं ड्रायव्हर, त्याच्या हातात ती पेटी.

"जाळून टाकलं मशीन तुमच्या मान्सानं. राती बंद पडलं ते पडलंच."

सर माझ्याकडे वळले. "काका, काय केलं तुम्ही?"

मी पेटीवरची जाळी बघत होतो.

"अरे बोल ना, काय केलं तू?"

काकाचा 'तू' व्हायला एवढासाच वेळ लागला. बारा जण बघत होते.

"आधी भाऊसाहेबांची माफी माग. मंग उघड अन् नीट करून दे. नाहीतर सर्टिफिकेट विसर."

स्टेजवर जाण्याआधी करायचो तसा गळा साफ केला.

"उघडतो सर. तुम्ही शिकवलं तसंच. आधी डोळे."

स्क्रू काढले, बाजूचा पत्रा काढला, सगळ्यांना दिसेल अशी पेटी फिरवली. बोर्डावर पिवळट ओघळ, चिपच्या पायांना हिरवट गंज धरू लागलेला. आणि प्रोसेसरच्या पंख्याला चिकटलेलं एक पान. मी ते चिमट्यानं उचललं, ट्यूबलाइटखाली धरलं.

"तुळस," मी म्हणालो. "हा पार्ट मी टाकला नव्हता."

कोणीतरी फिसकलं.

"आता नाक." बोर्ड काढला आणि रांगेनं फिरलो. एकेकाच्या नाकापुढं. पहिल्या बाकावरची पोरगी तोंड फिरवून म्हणाली, "काका, हे तं गोठ्यावानी येते!" सगळ्यात शेवटी मी भाऊसाहेबांपुढं थांबलो.

"हुंगा भाऊसाहेब. वळखीचा हाय."

त्यांचे कान लाल झाले. "रीत हाय ती आमची. हजार वर्साची."

"रीत हजार वर्साची असंल. बोर्ड सहा वर्साचा होता. त्याले नाही झेपली."

क्लास हसला. मीही हसलो असतो, पण मला अजून एक काम होतं. खिशातलं खोडरबर टेबलावर ठेवलं, तिथंच कार्ड होतं. पेन्सिल घेतली आणि लिहिलं: 'बिघाडाचं कारण: दुरुस्ती करणाऱ्याची जात कळल्यावर चालू मशीनवर गोमूत्र शिंपडलं.'

सरांनी वाचलं. माझंच खोडरबर उचलून माझ्यापुढं सरकवलं. हळूच म्हणाले, "काका, खोडा. व्होल्टेज लिहा. पंधरा दिवस राह्यले तुमचे, कायले वाया घालता?"

परत काका झालो होतो. खोडलं तर सर्टिफिकेट, आणि वर हे 'काका'.

मी पहिल्या बाकावरच्या पोरीकडे पेन मागितला. तिनं सरांकडे पाहिलं, मग दिला. पेन्सिलच्या अक्षरांवरून एकेक अक्षर पेनानं गिरवलं. वेळ लागला. खाली सही केली, खोडरबर खिशात घातलं आणि बाहेर पडलो.

सर्टिफिकेट मिळालं नाही. शाळांचं काम दुसऱ्याला गेलं. भाऊसाहेबांकडे आता नवं मशीन आहे म्हणे, आणि तांब्याही असेलच.

मी एका टेबलावर माझं काम मांडलं आहे. घरी बोलावलं तर जातो. पण दारातच बापाचं नाव सांगतो, आडनाव सांगतो, वस्ती सांगतो. शेवटच्या रांगेत ऐकू जाईल अशा गळ्यानं. मग विचारतो, "आत येऊ, का मशीन बाहेर आनता?" बाहेर आणतो म्हणाले की तिथूनच परत फिरतो. मशीन कितीही मोठं असो, माणूस कितीही मोठा असो.

कार्ड पेनानंच भरतो. जे झालं तेच लिहितो. खोडरबर पिशवीत असतं. ते रॅमसाठी आहे.